तीनदा विचारायचं असतं

माझ्याकडे इंग्रजी शिकायला जर्मन बोलणारी माणसं कशी यायला लागली, हे माझं मलाच कोडं आहे. मी मूळची नाशिकची. तिथे बारा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, मग नवऱ्याला कतारमध्ये मेसईदच्या कारखान्यांत नोकरी लागली तशी दोह्यात आले आणि मदिनत खलीफातल्या एका व्हिलाच्या अर्ध्या भागात संसार मांडला. दुसऱ्या अर्ध्या भागात एक ऑस्ट्रियन बाई राहायच्या. त्यांना मी फोनवर बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवलं. त्यांनी मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने नवऱ्याच्या ऑफिसात सांगितलं, आणि बघता बघता माझ्या जेवणाच्या टेबलाशी व्हिएन्ना आणि हॅम्बुर्गची माणसं वह्या उघडून बसायला लागली. नवरा म्हणायचा, "तुला तर एक अक्षर जर्मन येत नाही." मी म्हणायचे, "म्हणून तर शिकतात. अडलं की जर्मनमध्ये पळायची सोयच नाही!"

त्यातल्या एका गृहस्थांबद्दल सांगायचंय.

जर्मनीतल्या कुठल्याशा छोट्या गावचे. वय अठ्ठावन्न. मेसईदच्या एका कारखान्यात पंपांच्या दुरुस्तीवर सुपरवायझर होते आणि त्यांच्या हाताखाली बारा कामगार, सगळे आपल्याकडचे. पहिल्या शनिवारी बरोबर चारला बेल वाजली. चारला म्हणजे चारला, घड्याळ लावून घ्यावं. माझ्या मुलीने नंतर सांगितलं की ते पावणेचारपासून गाडीत बसून होते. आत आले, बूट काढले, ते भिंतीला समांतर लावले आणि टेबलावर एक कागद ठेवला.

कंपनीचं पत्र होतं. कामाचे पहिले तीन महिने झाले होते. तांत्रिक काम उत्कृष्ट, कम्युनिकेशन सुधारायला हवं, पुढच्या तीन महिन्यांत सुधारणा दिसली तर कायम करू, असा मजकूर. कारण, त्या बाराही जणांनी सह्या करून तक्रार दिली होती की साहेब आम्हाला खोटारडे म्हणतात.

"मॅडम, मला कम्युनिकेशनचे सगळे शब्द शिकवा," ते म्हणाले. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, मी मराठीत सांगतेय. "बोलणे, सांगणे, सुचवणे, बजावणे, सगळे. तीन महिने आहेत."

जसं काही मी किराणा दुकान घालून बसलेय आणि ते यादी घेऊन आलेत. मला हसू आलं, पण पुढचं वाक्य ऐकून ते जागच्या जागी जिरलं. "परत गेलो तर ह्या वयात मला कोणी कामाला घेणार नाही. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. घरी कोणी नाही. इथे सकाळी उठून जायला एक जागा आहे. ती जाऊ नये असं मला वाटतं." हे सगळं त्यांनी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मला मात्र भरून आलं, आणि भरून आलं की आपल्याकडे बाई काय करते? मी विचारलं, "चहा घेणार ना?"

"नो," ते म्हणाले.

नुसतं नो. पुढे थँक्यू नाही, हसणं नाही, काही नाही. कोणी तोंडावर दार आपटावं तसं मला झालं. पण दारी आलेल्या माणसाला कोरडं बसवायची आमच्या घरात रीत नाही. मी आलं ठेचून, भरपूर दूध घालून चहा केला आणि आणून ठेवला. त्यांनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वही उघडली. तासाभराने ते गेले तेव्हा चहावर जाड साय धरली होती.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी वेलची घातली, तरी तेच. मुलगी तेरा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच देणार. सोफ्यावरून म्हणाली, "मॉम, ही सेड नो." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं, तू गप्प बस." माझा राग असा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोही भलत्याच माणसावर निघतो.

शिकण्यात मात्र माणूस पक्का. वहीत त्यांनी बोलण्याची सगळी क्रियापदं पंपाच्या दाबाप्रमाणे लावली होती. त्यांच्या धंद्यात दाब 'बार'मध्ये मोजतात. हिंट करणं म्हणजे एक बार, मेन्शन म्हणजे दोन, सजेस्ट तीन, रिमाइंड चार, वॉर्न सात, ऑर्डर नऊ. मी पोट धरून हसले. ते गंभीरपणे म्हणाले, "इन्सिस्ट कुठे लिहू? आठवर?"

मी म्हटलं, "तुमच्या साइटवर आठ. माझ्या घरात इन्सिस्ट केलं नाही तर पाहुणा रुसतो."

त्यांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं.

हळूहळू खोटारडेपणाचं प्रकरण उलगडलं. ते कामगारांना विचारायचे, "समजलं?" सगळे म्हणायचे, "येस सर." प्रत्यक्षात समजलेलं नसायचं. "झालं?" "येस सर." जाऊन बघावं तर झालेलं नसायचं. "मॅडम, जे झालं नाही त्याला झालं म्हणणं, ह्याला इंग्रजीत लाय म्हणतात. मी योग्य शब्द वापरला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपली माणसं उन्हातान्हात मरमर राबतात आणि हा गोरा बाबा त्यांना खोटारडं म्हणतो! पण ते खोटं नाही तर मग काय आहे, हे काही मला सांगता येईना. म्हणून मी शिक्षकांचा नेहमीचा सोपा मार्ग धरला. म्हटलं, तुमचा दाब जास्त आहे, तो कमी करा. मग दर शनिवारी त्यांच्याकडून गोड बोलण्याची घोकंपट्टी. "तुमची हरकत नसेल तर", "मला असं वाटत होतं की", "जरा पाहता का". बिचारे घरून आरशासमोर म्हणून यायचे.

चौथ्या शनिवारी विचारलं, "काही फरक?"

"हो," ते म्हणाले. "पूर्वी ते घाबरून येस सर म्हणायचे. आता हसून म्हणतात. काम तेवढंच होतं."

मी कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी, आणि तो घडा पालथा मीच घातलेला.

पाचव्या शनिवारी मी कप ठेवला आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता, पण मान लाल झाली होती. "मॅडम, तुम्ही मला कम्युनिकेशन शिकवता. मी पाच आठवडे नो म्हणतोय. तुम्ही पाच आठवडे चहा आणताय. माझं नो तुम्हाला ऐकू येत नाही का? की माझा उच्चार चुकतो?"

सोफ्यावर मुलगी पुस्तकात तोंड खुपसून हसत होती. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग एकदम माझी आजी आठवली. सुना-लेकींना शिकवायची: पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ती रीत, दुसऱ्यांदा म्हणतो ती भीड, तिसऱ्यांदा म्हणाला तर त्याला खरंच नको आहे. म्हणून तीनदा विचारायचं असतं.

हे मी त्यांना सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरा दिसतो. आणि पहिल्या नकोला कप मागे नेणारी बाई कंजूष दिसते. पहिलं उत्तर धरायचंच नसतं हो, ते नुसतं शिष्टाचाराचं असतं. तुम्ही पहिल्या दिवशी नो म्हणालात ते मला रीतीचं वाटलं, आणि मग... मग माझा हट्ट झाला, दुसरं काय!

मग त्यांनी वहीचं मागचं पान काढलं आणि हळू विचारलं, "म्हणजे माझी माणसं येस सर म्हणतात, तेही पहिलं उत्तर असतं?"

अगं बाई! इतके आठवडे शब्दांचा कीस काढत बसले होते आणि माझ्याच टेबलावर, माझ्याच कपात जे निवत होतं ते मला दिसलं नव्हतं. म्हटलं, हो. तेच. बारा जणांसमोर साहेब विचारतो, झालं का? तिथे नाही म्हणणं म्हणजे चारचौघांत साहेबाचा शब्द खाली पाडणं, आणि वर आपल्याला काम येत नाही हेही कबूल करणं. कोण म्हणेल? ते तुम्हाला फसवत नाहीत, तुमचा मान ठेवतात. भीड भिकेची बहीण, असं आम्हीच म्हणतो, आणि भीड बाळगतोही आम्हीच.

"मग मी काय करू?"

"तीनदा विचारा. पण पोलिसासारखं तेच ते नको. पहिल्यांदा कामाचं विचारा. येस सर म्हणतील, म्हणू द्या. मग जेवलात का, घरी कसं आहे, ते विचारा. आणि जाता जाता, बाजूला घेऊन, समोर उभं न राहता शेजारी उभं राहून विचारा, काय राहिलंय? झालं का असं नाही विचारायचं. काय राहिलंय."

त्यांनी ते सगळं आकडे घालून लिहून घेतलं. शिवाय "खाना खाया?" हे हिंदी दहा वेळा म्हणून पाठ केलं. पुढच्या शनिवारी दारातच, मी तोंड उघडायच्या आत, त्यांनी तीन बोटं वर केली आणि म्हणाले, "चहा: नो, नो, नो." आम्ही दोघंही हसलो आणि त्या दिवसापासून मी चहा आणणं बंद केलं.

मग खरोखर गाडी रुळावर आली. कोणाच्या मुलीची दहावी आहे, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या गावी घराचं काम चाललंय, हे त्यांच्या बोलण्यात यायला लागलं. सगळ्यांत वयस्कर फिटर होता उत्तर प्रदेशातला. तो आपल्या डब्यातलं लोणचं त्यांना द्यायचा. "मी तीनदा नो म्हणालो," ते म्हणाले, "पण त्याने चौथ्यांदा विचारलं. हा नियम तुम्ही सांगितला नव्हता."

दुसरा महिना संपता संपता कारखान्याचा शटडाऊन लागला. म्हणजे सगळं बंद ठेवून एकदम दुरुस्त्या करायच्या आणि ठरल्या तासाला पुन्हा चालू करायचं. नवरा मेसईदच्याच दुसऱ्या कंपनीत, त्यामुळे मला ते दिवस माहीत आहेत. घरी येऊन माणसं जेवता जेवता पेंगतात. तो शटडाऊन संपल्यावरच्या शनिवारी माझे हे विद्यार्थी आले ते खुर्चीत बसेचनात.

एक पंप उघडायचा होता. उघडण्याआधी पाइपात लोखंडी चकती घालून वाट पक्की बंद करावी लागते, म्हणजे मागून काही अंगावर येत नाही. त्यांनी वयस्कर फिटरला विचारलं, चकती घातली? "येस सर." खाना खाया? "येस सर." मुलाचं लग्न ठरलं का? "हां सर, इन्शाल्ला." मग ते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि पाइपाकडे बघत म्हणाले, "काय राहिलंय?"

फिटरने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "सर, प्लेट राहिलीय. आलेली साइज चुकीची आहे. नुसता व्हॉल्व्ह बंद केलाय. वरून घाई आहे, म्हणून बोललो नाही."

"मॅडम, मी काम थांबवलं," ते म्हणाले. "पंपाशी चौघं होते, त्यांना मागे घेतलं. नवीन चकती येईपर्यंत दीड शिफ्ट गेली. तो व्हॉल्व्ह नंतर तपासला, तर गळका होता." आणि टेबलावर पालथा हात ठेवून ते तसेच उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. म्हटलं, अहो, बसा आता. चौघांच्या घरी आज चूल पेटलीय ती तुमच्यामुळे.

नवऱ्याला सांगितलं तर तो लगेच खूश होईना. "दीड शिफ्ट उशिरा चालू झालं? वरचे खवळले असणार."

"खवळू देत! माणसं भाजून निघाली असती म्हणजे वेळेत झालं असतं का?"

"मी कुठे म्हणतोय तसं? मी आपलं सांगतोय."

"नका सांगू," मी म्हटलं आणि भाजीत मीठ दुसऱ्यांदा टाकलं.

मला तर खात्रीच होती. त्या बाराही जणांनी पहिली तक्रार मागे घेतल्याचं पत्र दिलं होतं. शिवाय हे साहेब आम्हाला राहू द्या, असंही वर लिहिलं होतं. ह्यापेक्षा आणखी काय कम्युनिकेशन सुधारायचं राहिलं होतं? तीन महिने भरले त्या आठवड्यात गुरुवारी पत्र मिळणार होतं. शनिवारी सकाळी मी बेसनाचे लाडू वळले. चारला बेल वाजली तशी धावतच गेले, दार उघडलं, आणि त्यांनी श्वास घ्यायच्या आत ओरडले, "काँग्रॅच्युलेशन्स! झालात ना कायम?"

"येस," ते म्हणाले. "एव्हरीथिंग इज ओके. नो प्रॉब्लेम."

मी टाळ्या वाजवल्या. मुलीला हाक मारली. लाडूची बशी पुढे केली आणि आनंदाच्या भरात विचारून गेले, "आज तरी चहा घ्या!"

"येस, प्लीज."

मी स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं, आलं ठेचलं, दूध ओतलं. चहाला उकळी आली आणि माझा हात थांबला. हा माणूस पहिल्या विचारण्याला हो म्हणाला? चहाला?

कप घेऊन बाहेर आले. त्यांनी लाडूचा एक कण मोडून तोंडात टाकला होता, बाकीचा हातात धरून बसले होते. मी विचारलं, "पत्र आलं ना गुरुवारी?"

"आलं. सगळं चांगलं लिहिलंय. मॅडम, हा पदार्थ छान आहे."

वही टेबलावर होती पण उघडलेली नव्हती. बूट, माझं लक्ष गेलं, दाराशी एक इकडे, एक तिकडे पडले होते. मी मुलीला आत जा म्हटलं. ती कधी नव्हे ती न कुरकुरता गेली. मी एरवी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसायचे, ती सोडून शेजारची ओढली आणि खिडकीकडे बघत विचारलं, "काय राहिलंय?"

त्यांनी लाडू बशीत ठेवला. बोटं एकेक करून पुसली.

"एकोणतीस दिवस," ते म्हणाले. "मग मला जायचं आहे."

पत्रात कारण दिलेलं नव्हतं. आभार मानले होते आणि शुभेच्छा दिल्या होत्या. कम्युनिकेशनचा तर उल्लेखही नव्हता. मला इतका संताप आला की त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार मराठीत करून मोकळी झाले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण ते सगळं ऐकत राहिले. मग मी एकदम त्यांच्यावरच घसरले. "मग मला दारात येस का म्हणालात? तुम्ही? तुम्ही तर पाच आठवडे तोंडावर नो म्हणत होतात!"

ते म्हणाले, "तुम्ही इतक्या आनंदाने दार उघडलंत. मला नाही म्हणवेना." आणि वहीवर हात ठेवून, "आता मला माझ्या माणसांचं कळलं. मी त्यांना लायर म्हणालो होतो."

त्यांचा रिकामा फ्लॅट, जर्मनीतलं ते रिकामं घर, सकाळी उठून कुठे जायचं, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम दाटून आलं. पदर असता तर डोळ्यांना लावला असता, कुडत्याच्या बाहीने पुसले. टेबलावर चहा तसाच होता. त्यावर साय धरायला लागली होती.

"हा चहा तुम्हाला आवडत नाही ना?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. उत्तर जिभेवर होतं, पण मला वाईट वाटेल म्हणून गिळत होते, हे स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "पहिलंच द्या, खरं द्या. इथे भीड नको."

"नाही," ते म्हणाले. "दूध घातलेलं काहीच आवडत नाही. कधीच."

"मग काय आवडतं?"

"कॉफी. काळी. साखर नाही."

मी कप उचलला आणि आत गेले. कॉफीची बाटली फडताळात पहिल्याच रांगेत, अगदी समोर होती. नवरा रोज घेतो. चहा घेणार का, हे मी त्या माणसाला आल्यासकट आणि वेलचीसकट पाच शनिवार विचारलं होतं, तुम्ही काय घेणार, हे तीन महिन्यांत एकदाही नाही.